गोल की लांबट?

पेढ्यांचा खोका समोर आला की माणूस हात पुढे करतो. मीही केला. दुपारची वेळ, माझा डबा अर्धा झाला होता. मला वाटलं, कुणाचा तरी मुलगा पास झाला.

"उघडा की," समोर उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

आत वीस-पंचवीस रेशीम अळ्या होत्या. मेलेल्या. अळी मेली की एरवी मऊ पडते, काळी होते, वास मारते. या ताठ होत्या, कोरड्या, खडूच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या. एक अळी खोक्यातून निसटून टेबलावर पडली तर टक्क असा आवाज आला. मी आधी झाकण लावलं आणि मग उठून पंखा बंद केला. अशा एकेका अळीच्या अंगावर बुरशीचे लाखो बीजाणू असतात, आणि आमची बुरशी वाढवायची खोली, कल्चर रूम, तिथून दहा पावलांवर होती.

मी एका साखर कारखान्याच्या जैविक प्रयोगशाळेत काम करते. कोल्हापूर जिल्ह्यात उसाची सर्वांत मोठी डोकेदुखी कोणती, असं विचारलं तर दहांतले आठ जण हुमणी म्हणतील. ही भुंग्याची अळी. जमिनीत राहते, उसाची मुळं खाते, आणि एक दिवस उभा ऊस वाळायला लागतो. हुमणीला मारणारी एक बुरशी आहे. ती आम्ही लॅबमध्ये वाढवतो, पावडरीत मिसळतो आणि पुड्या करून सभासदांना देतो. ती अळीच्या कातडीवर रुजते, आत शिरते, अळीला खाते आणि मग बाहेर येऊन पांढरी फुलते. मुळाशी आळवणी करायची, म्हणजे पाण्यात कालवून ओतायची, बाकीचं काम ती करते. विषारी औषधापेक्षा बरं, असं मी गेली कैक वर्षं गावोगावी सांगत आले आहे.

खोका घेऊन आलेल्या महादेवी अक्का कागल तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या एका गावातल्या. माहेर चिकोडीकडचं. घरचा ऊस होता, पण त्यांनी एक एकर तुती लावून रेशीम सुरू केलं होतं. तुतीचा पाला अळ्यांना घालायचा, अळ्यांनी कोष केले की ते विकायचे. शेडमध्ये त्या कुणाला चप्पल घालून येऊ देत नसत, इतक्या काटेकोर.

"ह्याला आमच्याकडं सुण्णकट्टू म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "चुन्याचा रोग. माझ्या मायेरात बगितला हुता. हितं कदी न्हवता. तुमच्या पुडीनं आणला."

घडलं होतं ते असं. त्यांचा दीर शेजारच्याच शेतात ऊस करतो. त्याने आमच्या पुड्या पाण्यात कालवून आळवणी केली. थोडं पाणी पंपात उरलं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून नोझल लावलं आणि बांधावरून उसावर फवारून टाकलं. श्रावणातला पश्चिमेचा वारा. बांधाच्या पूर्वेला अक्कांची तुती. त्याच बाजूचा पाला त्यांनी अळ्यांना घातला. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, चार-पाच दिवसांत कोष करायला लागल्या असत्या. त्याऐवजी त्या पांढऱ्या पडल्या. निम्म्याहून जास्त बॅच गेली.

मी अगदी आत्मविश्वासाने त्यांना समजावलं. आजही ते आठवलं की कान तापतात. मी म्हणाले, अक्का, या बुरशीत दोन सख्ख्या बहिणी आहेत. एकीचं नाव ब्रॉन्ग्निआर्टी. ती मुख्यतः हुमणी आणि भुंगे धरते, रेशमाच्या अळीला फारशी विचारत नाही. आम्ही ती देतो. दुसरी बॅसियाना. ती दिसेल त्या किड्याला धरते आणि रेशमाच्या अळीला सगळ्यांत आधी. हा चुन्याचा रोग बहुतेक वेळा तीच आणते. तिची पुडी आम्ही करतच नाही. ती हवेत, मातीत सगळीकडे असते. ओल्या हवेत आपोआप येते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोगी दिसत्यात कशा?"

"दोन्ही पांढऱ्याच."

"मग तुमी कशावरनं सांगताय पुडीत कंची हाय ती?"

मी म्हणाले, दाखवते. त्या म्हणाल्या, दाखवा, पण शुक्रवारच्या आत. शुक्रवारी त्यांची नवी चॉकी येणार होती. चॉकी म्हणजे दोन वेळा कात टाकलेल्या बारक्या अळ्या, त्या केंद्रावरून आणून शेडमध्ये वाढवायच्या असतात. नुसत्या त्यांचीच नाही, गावातल्या आणखी सहा बायकांची चॉकी त्याच गाडीतून येणार होती. सगळ्यांची तुती उसाच्या शेजारी. "घेऊ का नको, एवढंच सांगा," असं म्हणून त्या खोका तिथंच ठेवून गेल्या. तो सोमवार होता.

आणि गुरुवारी सकाळी आमच्या पुड्यांचा हंगामातला शेवटचा मोठा लॉट निघणार होता. तीन गाड्या. त्यातली एक अक्कांच्याच पट्ट्यात जाणार होती.

मी डबा बंद केला.

या दोन बहिणी ओळखायच्या कशा, ते थोडक्यात सांगते. नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. सूक्ष्मदर्शकाखाली, सगळ्यांत मोठ्या भिंगाने पाहिलं तर बॅसियानाचे बीजाणू गोल दिसतात, मोहरीसारखे. ब्रॉन्ग्निआर्टीचे लांबट, जिऱ्याइतके नव्हेत, पण अंड्यासारखे म्हणता येतील इतके. आकारातला फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. त्यावर माणसाचं पोट अवलंबून असेल असं कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

आधी खोक्यातल्या अळीची स्लाइड केली. गोल. सगळे गोल. म्हणजे बॅसियाना. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत होते.

मग आमच्या पुडीची स्लाइड लावली. गोल.

मी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. मग स्वतःला समजावलं की अंडं टोकाकडून पाहिलं तर तेही गोलच दिसतं. बीजाणू स्लाइडवर कसेही पडतात. म्हणून काचेवर पेन्सिलीच्या टोकाने हलकेच दाबलं, की ते गडगडतात आणि कुशीवर वळतात. एखादा तरी आडवा पडून लांबट दिसायला हवा. मी दाबलं. ते गडगडले. गोल राहिले. मी शंभर मोजले. सत्त्याण्णव गोल. उरलेल्या तिघांबद्दल मी स्वतःशीच हुज्जत घातली.

माझे लॅब असिस्टंट दिनकर सुतार. उचगावहून मोटारसायकलवर येतात, माझ्याआधीपासून या लॅबमध्ये आहेत. बुरशीचा वास घेऊन ते बिघाड सांगतात. मी त्यांना काही न सांगता म्हटलं, जरा बघा हो. ते बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "मॅडम, चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं माझा."

म्हणजे त्यांनाही गोलच दिसले होते.

त्या रात्री कळंब्याला घरी गेले, पण जेवताना मुलगी काय बोलत होती ते एक अक्षर कळलं नाही. मला एकच दिसत होतं. गेल्या काही हंगामांत आम्ही किती गावांना पुड्या दिल्या, आणि त्यातल्या किती गावांत कुणी रेशीम करत होतं. कुणाच्या शेडमध्ये हे झालं असेल आणि हवा खराब म्हणून त्याने गप्प बसून सोसलं असेल.

मंगळवारी सकाळी फ्रिज उपसला. प्रत्येक लॅबमध्ये मूळ बुरशी जपून ठेवलेली असते. काचेच्या नळीत वाढवायची, वर पॅराफिनचं तेल ओतायचं, की ती वर्षानुवर्षं झोपून राहते. तिला आम्ही आई म्हणतो. रोजच्या कामातल्या सगळ्या पिढ्या तिच्यापासूनच. पण खरं सांगायचं तर मूळ नळीकडे कुणी फिरकत नाही. चालू नळीतून पुढची, तिच्यातून त्यापुढची, असंच चालतं. शेवटच्या कप्प्यात, कुणाच्या तरी इन्सुलिनच्या डब्यामागे, तीन जुन्या नळ्या सापडल्या. चिठ्ठीवर माझंच अक्षर. दोन पार वाळल्या होत्या.

बुरशी मेली तरी बीजाणूचा आकार राहतो. मी तिन्हींच्या स्लाइडी केल्या. लांबट. लांबट. लांबट. आणि नळीच्या तळाला, बुरशीखालचं खाद्य लालसर झालेलं होतं. आमची ही बहीण वाढताना खाली तांबडा रंग सोडते. दिनकरांनी चालू नळी आणून शेजारी धरली. तळ फिकट, ताकासारखा.

"हा लाल रंग कधी गेला?" मी विचारलं.

आम्हा दोघांनाही आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी आमची पावडर एकदम शुभ्र यायला लागली होती. त्याआधी तिला मळकट गुलाबी झाक असायची आणि शेतकरी म्हणायचे, माल जुना दिसतोय. शुभ्र झाल्यावर सगळे खूश. संचालकांनी लॅबला भेट दिली तेव्हा एकाने पुडी फोडून तळहातावर घेतली आणि म्हणाले, वा, काय प्युअर माल आहे. मी तेव्हा हसून आभार मानले होते.

मी कल्चरचं रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एक नोंद होती. पॅसेज, रेशीम अळी, बारा नग. खाली माझी सही.

पॅसेज म्हणजे काय, तेही सांगायला हवं. बुरशी काचेच्या नळीत आयतं खाऊन आळसावते. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की तिला किडा मारायचा विसर पडतो. मग तिला एकदा जिवंत किड्यातून फिरवून आणतात. किड्याच्या अंगात सोडायची, किडा मेला की त्याच्या अंगावर उगवलेली बुरशी परत नळीत घ्यायची. म्हणजे तिचा जोर परत येतो. पहिलवानाला पुन्हा लाल मातीत उतरवावं तसं. हे काम हुमणीवर करायचं असतं. पण जानेवारीत हुमणी खोल गेलेली, शोधून सापडत नाही. उन्हाळ्यात उत्पादन सुरू करायचं तर पॅसेज आत्ताच हवा. तेव्हा मीच म्हटलं होतं, रेशमाची अळी घ्या. सुईने थेट अंगात सोडली की कुठल्याही अळीत वाढेल. मोठी असते, हाताळायला सोपी.

बाराच्या बारा अळ्या तीन दिवसांत मेल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. दिनकर म्हणाले होते, "काय जोर आलाय मॅडम." मीही म्हटलं होतं, बघा, आळस गेला.

ज्या अळीला आमची बुरशी फारशी विचारत नाही, ती तीन दिवसांत कशी मेली, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. दोन अळ्या सुई न टोचता बाजूला ठेवायच्या आणि त्यांचं काय होतं ते पाहायचं, हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवायचा नियम. तोही मी पाळला नाही. उगवून आलेल्या बुरशीची मूळ नळीशी स्लाइड लावून पाहणं, दहा मिनिटांचं काम. तेही नाही.

दुपारी मी आमच्या शेतकी अधिकाऱ्यांकडे गेले. चव्हाण साहेब. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्या टेबलावर दोन फोन आणि दारात कायम चार सभासद. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ती दुसरी बहीण हुमणी मारते की नाही?"

"मारते. थोडीफार."

"मग अडचण काय?"

मी म्हणाले, लेबलवर एक नाव आहे आणि आत दुसरीच आहे. आणि ती रेशीम मारते. ते म्हणाले, जिल्ह्यात उसाचं क्षेत्र किती आणि रेशमाचं किती, तुम्हीच सांगा. हुमणीचा जोर आत्ता आहे, पंधरा दिवसांनी पुडी देऊन काय पूजा करायची? मग खुर्ची पुढे ओढून जरा मऊ आवाजात म्हणाले की डीएनए तपासणी करा, रिपोर्ट आला की बघू. तपासणीला नमुने मी सकाळीच पाठवले होते. रिपोर्टला बारा-तेरा दिवस लागणार होते. गाड्या परवा निघणार होत्या.

"गाड्या थांबवा, साहेब."

"तुम्ही लेखी द्या. तुमच्या सहीने. मी थांबवतो."

मी बाहेर आले. लेखी देणं म्हणजे दोन वर्षं आम्ही चुकीचा माल दिला, असं माझ्या सहीने लिहून देणं. नोकरीची नऊ वर्षं राहिली होती. मुलगी बारावीला.

बुधवारी मी आणि दिनकर अक्कांच्या गावी गेलो. कारण सांगायला होतं, तुती बघायची. खरं म्हणजे मला अजून आशा होती. पॅसेजच्या त्या बारा अळ्यांच्या अंगात दुसरी बहीण आधीच असेल तरच ही अदलाबदल झाली असणार, आणि तसं नसेल तर कदाचित माझंच कुठे तरी चुकत असेल. बांधाकडच्या तुतीच्या फांदीवर एक जंगली सुरवंट चिकटून मेला होता. पांढरा. दिनकरांनी तो चिमट्याने उचलून नळीत टाकला.

अक्कांनी शेड धुवून काढली होती. चुना मारून झाला होता. रिकाम्या रॅकवर वर्तमानपत्रं ताणून लावलेली. चहा झाला. मग मी विचारलं की दोन वर्षांमागं आमचे सुतार तुमच्याकडून काही अळ्या घेऊन गेले होते, आठवतंय का?

रेशीमवाले आमच्या भागात मोजकेच, त्यातल्या त्यात जवळ त्याच. म्हणून दिनकर तिथेच गेले होते.

"आटवतंय की. डबा घिऊन आलतं. बारा दिल्या."

"कशा होत्या त्या? चांगल्या खात होत्या?"

अक्का हसल्या. मला वेड्यात काढावं तसं हसल्या.

"खाणाऱ्या कुनी देतंय व्हय? कडंला पडल्याल्या हुत्या, पाला सोडल्याल्या. त्याच दिल्या. म्हटलं, तुमास्नी मारायच्याच हायत, तर चांगल्या कशापायी?"

दिनकरांनी चहाची बशी खाली ठेवली.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. कोंबडी कापायला मागितली तर अंडी देणारी कुणी देत नाही. त्या थंडीत त्यांच्या शेडमध्ये चार-दोन अळ्यांना चुन्याचा रोग शिरला असणार. त्यांनी नेमक्या त्याच वेचून काढल्या आणि आम्हाला दिल्या, म्हणून त्यांची बाकीची बॅच वाचली. आम्ही त्या घरी नेल्या, त्यांच्यात आमची बुरशी सोडली आणि उगवून आली ती त्यांच्या आतली दुसरी. मग ती आम्ही दोन वर्षं वाढवली आणि पुड्या बांधून जिल्हाभर वाटली.

त्या वेळी मी अक्कांना काही सांगितलं नाही. म्हणाले, उद्या दुपारी फोन करते. भ्याले होते, दुसरं काय.

परतीच्या वाटेवर चव्हाण साहेबांचा फोन आला. मी अळ्यांचं सांगितलं. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. ते म्हणाले, "म्हणजे रोग मुळात त्यांच्याच घरचा. असंच लिहा. संबंधित शेतकऱ्याने रोगट अळ्या पुरवल्या. आपलं नाव येत नाही, त्यांनाही बोलायला जागा राहत नाही."

मी लिहिलं. ते लपवत नाही. संध्याकाळी लॅबमध्ये बसून कॉम्प्युटरवर तेच वाक्य टाइप केलं. वाक्य खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. वाचून बघितलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास खाली गेला. प्रिंट काढायला उठले तेव्हा दिनकर दारात उभे होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं असावं. ते इतकंच म्हणाले, "मॅडम, अळ्या बघून घ्यायचं काम माझं हुतं. माझं नाव घाला हवं तर. त्या बाईचं नगा घालू."

मी खाली बसले आणि वाक्य खोडलं. नवीन लिहिलं ते चार ओळींचं होतं. मूळ बुरशीचं कल्चर बदलल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत आहे. पॅसेजनंतर पडताळणी केली गेली नाही. पडताळणीची जबाबदारी प्रयोगशाळा प्रमुखांची, म्हणजे माझी. रिपोर्ट येईपर्यंत लॉट थांबवावा. सही केली, तारीख घातली. दिनकरांचं नाव घातलं नाही. अळ्या कुठून आल्या ते लिहिलं नाही, कारण त्याने काही फरक पडत नव्हता. नीट तपासलं असतं तर कुठल्याही अळ्या चालल्या असत्या.

गुरुवारी सकाळी ते पत्र चव्हाण साहेबांनी दोनदा वाचलं. गाड्या भरून उभ्या होत्या, ताडपत्र्या बांधलेल्या. त्यांनी माझ्याकडे न बघता गेटवर फोन लावला आणि गाड्या परत गोडाऊनला लावायला सांगितल्या. मग म्हणाले, मेमो येईल, तयारी ठेवा. मी हो म्हणाले.

दुपारी अक्कांना फोन केला. चॉकी घेऊ नका, सहाही जणींना सांगा. बांधाकडचा पाला तोडून खड्ड्यात पुरा, शेड पुन्हा एकदा निर्जंतुक करा, निदान महिनाभर थांबा. मग उरलेलं सगळंही सांगितलं. पुडीत काय होतं, ते कसं आलं, आणि त्या बारा अळ्यांचंही. लपवून ठेवलं असतं तर पुढच्या वेळी त्यांच्या शेडमध्ये काय आहे ते त्यांना कळलंच नसतं.

त्यांनी बारा अळ्यांचं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग त्या म्हणाल्या, "म्या आडानी हाय. मला न्हाय कळलं. तुमी येवढं शिकल्याली मानसं, तुमी बगून घ्यायच्या न्हाईत?"

मी म्हणाले, घ्यायला हव्या होत्या.

"मग आता चॉकीवाल्याला मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. नंबर द्या." त्यांनी दिला. त्यानेही मला बरंच सुनावलं.

तेराव्या दिवशी रिपोर्ट आला. चालू नळी बॅसियाना. जुनी नळी ब्रॉन्ग्निआर्टी. तो कागद हातात घेताना मला आनंद व्हायला हवा होता, किमान माझं निदान बरोबर ठरलं म्हणून. तसं काही झालं नाही. थांबवलेला सगळा लॉट आम्ही वाफेच्या मशीनमध्ये घालून मारला, आठ दिवस तेच चाललं होतं. गावागावांत शिल्लक पुड्या परत मागवल्या. काही आल्या, काही आल्या नाहीत. किती रेशीमवाल्यांना याआधी फटका बसला ते आजही मला ठाऊक नाही. मी फोन केलेल्यांपैकी दोघांनी सांगितलं की मागच्या पावसाळ्यात बॅच पांढरी पडली होती, आम्हाला वाटलं हवा.

मेमो आला. सहा महिने माझ्याकडचा लॅबचा चार्ज काढून घेतला, मला माती परीक्षणाला बसवलं. तीन जुन्या नळ्यांपैकी जी एक जिवंत निघाली तिच्यावर पुन्हा उत्पादन उभं केलं, ते दिनकरांनी. पॅसेजला हुमणी स्वतः खणून आणल्या, ऑगस्टात काय, पाहिजे तेवढ्या. दोन अळ्या सुई न टोचता बाजूला ठेवल्या आणि त्यांना रोज गाजराचे काप घातले. त्या जिवंत राहिल्या. स्लाइड बघायला त्यांनी मला माती परीक्षणातून बोलावून नेलं. लांबट होते. तरी मी शंभर मोजले.

अक्कांनी दोन बॅचेस सोडल्या. तुतीचा पाला म्हशींना घातला. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा चॉकी घेतली तेव्हा मी रोज संध्याकाळी फोन करायचे. अळ्या खातात का, अंगावर ठिपके दिसतात का, कडेला कुणी पडतंय का. त्यांना त्याचा वैताग यायचा, मला कळत होतं, पण फोन केल्याशिवाय मला जेवण जात नव्हतं. तेविसाव्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन केला.

"चढल्या सगळ्या," त्या म्हणाल्या. म्हणजे अळ्या कोष करायला जाळीवर चढल्या होत्या. "आता उद्यापास्नं फोन करू नगा. मला कोष काडायचं काम हाय."

लॅबचा चार्ज परत मिळाल्यापासून मी नव्या माणसाला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी एकच सांगते. बुरशी बिघडली की आपण तपासतोच. ती फार चांगली यायला लागली की त्याच दिवशी तपासायची.